चक्क्याचं फडकं

उषाचं नाक गेलं त्याला चार वर्षं झाली. म्हणजे नाक चेहऱ्यावर जिथे होतं तिथेच होतं, नथ घातली की शोभायचंही. फक्त त्याचं काम बंद पडलं होतं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत आठ दिवस ताप आला, ताप गेला, आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल महिन्याभरात. महिना झाला, वर्ष झालं. मग उषाने डॉक्टरांना विचारणंच सोडलं.

वेळ आली ती नेमकी कोणावर, तर चोपड्यात केक करणाऱ्या बाईवर. तापाच्या आदल्याच वर्षी ती जळगावला जाऊन केकचा कोर्स करून आली होती. नवरा जगदीश एसटीच्या डेपोत मेकॅनिक. त्याने हौसेने मोठा ओव्हन आणून दिला होता. सहा महिन्यांत गावात नाव झालं ते तिच्या व्हॅनिला कपकेकचं. त्यात एक गंमत होती. कागदी वाटीच्या तळाशी ती जब्बारभाईंच्या बेकरीतली एक नानकटाई ठेवायची, तिच्यावर पीठ ओतायची आणि भाजायची. खाणारा मऊ मऊ खात खाली जायचा आणि तळाशी कुरकुरीत नानकटाई दाताखाली यायची. वर क्रीम चीजचा मुकुट. ते डब्यातलं क्रीम चीज जळगावहून आणायचं म्हणजे चोपड्याला पोचेपर्यंत त्याचं ताक व्हायचं. म्हणून उषा घरीच म्हशीच्या दह्याचा चक्का टांगायची आणि लोणी, पिठीसाखर घालून फेटायची. शहरातल्या बाईने नाक मुरडलं असतं, पण चोपड्याने बोटं चाटली.

आणि मग हे. व्हॅनिलाची बाटली नाकाशी धरली तर नुसतं थंड लागायचं. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू एवढं कळायचं, त्यापलीकडे काही नाही. वरण आणि आमटी एकच. आंबा म्हणजे गोड गर. उषाने हे कोणाला सांगितलं नाही. जगदीशलाही नाही. ज्या बाईला वास येत नाही तिचा केक कोण घेणार, हे एक कारण. दुसरं असं, की सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं.

वासाबरोबर आणखीही काहीतरी गेलं होतं. ते काय, हे तिला नीट सांगता आलं नसतं. सण आले, गेले. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली. दोन वर्षांपूर्वी पारोळ्याला तिचे वडील वारले तेव्हा ती कोरड्या डोळ्यांनी बसून राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना पाणी दिलं, सतरंज्या घातल्या. सगळे म्हणाले, उषा फार धीराची. धीर कसला आलाय! वडिलांच्या सदऱ्याला तंबाखूचा आणि कडुलिंबाच्या साबणाचा वास असायचा. तिने तो सदरा नाकाशी धरून पाहिला होता. कापड होतं. तिने घडी घालून ठेवून दिला.

काम मात्र चालू होतं. पीठ वजनाने, व्हॅनिला चमच्याने, भाजणं टायमरने. वीस मिनिटं झाली की घंटी वाजायची, काडी खुपसून बघायची, कोरडी निघाली की बाहेर. वासाशिवायही केक करता येतो हे तिने स्वतःला पटवलं होतं, आणि चार वर्षांत एकही तक्रार आली नव्हती.

तक्रार होती ती तिची, सासूबद्दल. यशोदाबाई, म्हणजे अक्का. चौऱ्याहत्तर वर्षं वय, गुडघे गेलेले, कान तिखट. एरवी ओटीवर बसून रस्त्यावरच्या प्रत्येकाची चौकशी करणारी ही बाई उषाला ताप येऊन गेल्यापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसायला लागली होती. समोर सुपात लसूण, एकेक पाकळी सोलत. उषा केक करत असेल तेवढा वेळ अक्कांचा लसूण संपत नसे. आणि लुडबुड चालूच.

"हाई कापड नको. ते ले."

"दूध आज चांगलं नही. दुसरं मांगाड."

टायमर वाजायला दोन मिनिटं असली तरी मध्येच, "उषा, व्हई गयं. काढी ले."

उषा काढायची. वाद घालण्याइतकाही उत्साह तिच्यात नव्हता. एकदा मात्र भडका उडाला होता. एक मोठी ऑर्डर होती आणि आदल्या दिवशीचं किलोभर लोणी पातेल्यात दिसेना. अक्का म्हणाल्या, "मांजरनी तोंड घालं. मी फेकी दिधं." घरात मांजर येत नव्हती. गल्लीतही एकच होती, ती गाभण होती आणि तिला खिडकीवर चढता येत नव्हतं. उषा दोन दिवस अक्कांशी बोलली नाही. अक्काही काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा पाट टाकून बसल्या.

जगदीश यात पडला नाही. तो डिझेल आणि ग्रीसच्या वासात दिवस काढून यायचा, त्याला घरात सगळंच सुगंधी वाटायचं.

यंदा थंडी सुरू झाली तसा धुळ्याहून फोन आला. अक्कांची लेक रूपा बाथरूममध्ये घसरली होती, पायाला प्लास्टर. महिनाभर कोणीतरी हवं होतं. अक्कांनी जावं हे उघड होतं. पण अक्का दोन दिवस टाळाटाळ करत राहिल्या. आज गुरुवार, उद्या अमावस्या. शेवटी जगदीशने गाडीत बसवून दिलं तेव्हा खिडकीतून त्यांनी उषाला जवळ बोलावलं.

"तुले जमी ना?"

"जमी, अक्का. तुम्ही जा."

"चक्कासाठी नवं फडकं धुई ठेयेल शे. मनी पेटीमा, वरच. तेच ले. दुसरं लेऊ नको."

"हो."

"दूध रोज ताजं ले."

"हो, अक्का."

गाडी अमळनेरच्या रस्त्याला लागली आणि उषाला बरं वाटलं. निदान उंबरा मोकळा झाला. चार वर्षांत एवढीतरी भावना तिला स्पष्ट झाली होती.

आठवड्याने जब्बारभाई स्वतः घरी आले. त्यांचं येणं साधं नव्हतं. चोपड्याच्या जुन्या बाजारात त्यांची लाकडावरची भट्टी, वडिलांच्याही आधीपासूनची. दिवाळीच्या आणि ईदच्या आधी अर्धं गाव घरून रवा, मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात घालून त्यांच्याकडे जायचं आणि नानकटाई भाजून आणायचं. कोणाचं तूप घरचं, कोणाचं डेअरीचं, कोणी त्यात डालडा घातलाय, हे जब्बारभाई डब्याचं झाकण उघडल्याबरोबर सांगत. भट्टीवर घड्याळ नव्हतं. नाक वर करायचे आणि फावडं आत घालायचे. उषा नानकटाई आणायला जायची तेव्हा त्यांच्यासमोर फार वेळ उभी राहत नसे. आपलं बिंग या माणसापुढे फुटेल अशी तिला भीती वाटायची.

"बेटी, शाझिया बी.फार्म. झाली," जब्बारभाई म्हणाले. शाझिया त्यांची नात. "आमच्या घराण्यातली पहिली डिग्री. शुक्रवारी नमाजनंतर दावत आहे, बऱ्हाणपूरचे पाहुणे येणार. पोरीला तुझेच कपकेक पाहिजेत. मी म्हटलं, अगं, तुझा दादा बेकरीवाला. तर म्हणते, दादा, तुमच्या भट्टीत ते होत नाहीत. खरंय. नाही होत. साठ करून दे."

बेकरीवाल्याने केक मागावा, हा मान केवढा! पूर्वीची उषा असती तर गल्लीभर सांगत सुटली असती. तिने वहीत लिहिलं, साठ, शुक्रवार, आणि चहा ठेवला. पण एक गोष्ट तिला आतून पक्की ठाऊक होती. हे साठ कपकेक गावातल्या सगळ्यात तिखट नाकाखालून जाणार होते. त्यातून पार पडले, तर आपण वासाशिवायही केकवाली आहोत हे कायमचं ठरलं. नाही पडले, तर तिच्याकडे उरलेली एकुलती एक गोष्टही जाणार होती.

बुधवारी दही आलं. अक्कांचं नवं फडकं तिने त्याआधीच एका ऑर्डरला वापरलं होतं, ते वाळत टाकलं होतं आणि वाऱ्याने शेजारच्या बांधकामावर जाऊन सिमेंटात पडलं होतं. तिने अक्कांची पेटी पुन्हा उघडली. तळाशी आणखी एक मलमलचं फडकं होतं, मोठं, पांढरंशुभ्र, घडी मोडलेली नाही. दुसरं लेऊ नको, हे अक्कांचं बोलणं तिला आठवलं. आठवलं म्हणूनच तिने ते घेतलं असं म्हटलं तरी चालेल. पांढरं तर आहे, आणखी काय पाहिजे?

त्या फडक्यात गेली कित्येक वर्षं अक्का वर्षाचा काळा मसाला बांधत होत्या. चैत्रात कांदा, खोबरं, धणे, मिरे, लवंग, दगडफूल भाजून कुटायचं, मसाल्यात हिंगाचे खडे घालायचे आणि गाठोडं बांधून बरणीत ठेवायचं. बरणी रिकामी झाली की फडकं सोड्यात उकळून, उन्हात वाळवून पेटीत. डाग सगळे जातात. पण काळ्या मसाल्याचा वास कापडातून जात नाही, हे खान्देशातलं शेंबडं पोरही सांगेल. त्याला फक्त नाक पाहिजे.

उषाने त्यात सहा किलो दही टांगलं. सकाळी चक्का पांढरा, घट्ट, सुरेख निघाला. तिने चाखला. आंबट होता, बेताचा. लोणी आणि साखर घालून फेटल्यावर पुन्हा चाखला, गोड झाला होता. कपकेक छान फुगले, वरून एकसारखे सोनेरी. नानकटाया तळाशी बसल्या होत्या. शुक्रवारी सकाळी तिने साठही कपकेकांवर नळीने गोल गोल मुकुट काढले, वर एकेक पिस्त्याचा काप ठेवला, आणि जगदीश डेपोत जाता जाता पाच खोकी जब्बारभाईंकडे पोचवून गेला.

संध्याकाळी जब्बारभाई आले. एकटेच, हातात एक खोकं. उषाने त्यांचा चेहरा पाहिला आणि तिला कळलं. ती खुर्ची पुढे करून उभी राहिली.

त्यांनी खोकं उघडलं. आत एकच कपकेक होता, मुकुटासकट. तो त्यांनी नाकाशी नेला आणि हसले.

"बेटी, हा कशासोबत खायचा? शेवभाजीसोबत?"

काय झालंय हेच तिला समजत नव्हतं, आणि विचारलं तर बिंग फुटत होतं. जब्बारभाईंनी कपकेक तिच्यापुढे धरला. तिने वास घेतल्यासारखं केलं. ते तिच्याकडे बघत राहिले.

"हिंग," ते हळूच म्हणाले. "हिंग, लवंग, दगडफूल. चक्का कोणत्या कपड्यात टांगला होतास?"

"पांढरं होतं," उषा म्हणाली.

"घाबरू नको. पाहुण्यांपुढे गेलेच नाहीत तसे. खोकं उघडलं तेव्हाच कळलं मला. मी आणि शाझियाची आई, दोघांनी बसून साठच्या साठ वरून खरवडले, पिठीसाखर भुरभुरली आणि ठेवले. लोकांनी तारीफ केली. खालचा केक एक नंबर होता." ते थांबले. "पण मला एक कळत नाही. यशोदाअक्का घरी नाही का?"

"धुळ्याला गेल्यात. नणंदेकडे."

"तरीच," जब्बारभाई म्हणाले. "ती असती तर हे दाराबाहेर पडलं नसतं."

उषाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. अक्कांचा यात काय संबंध? जब्बारभाईंनी खोकं बंद केलं आणि झाकणावर हात ठेवला.

"मला कसम घातली होती तिनं. आज मोडतो. अल्लाह माफ करेल, तुझी सासू नाही करायची." ते म्हणाले. "लाट संपली त्या हिवाळ्यात अक्का माझ्या भट्टीवर आली. काठी टेकत. मला वाटलं, नानकटाई भाजायला आली, पण हातात डबा नाही. म्हणाली, जब्बार, माले शिकाड. मी म्हटलं, या वयात काय शिकतेस? तर म्हणाली, केक व्हई गया का त्याना वास कसा येस, ते शिकाड. कच्चा कसा येस, करपाले लागना का कसा येस. लोणी खवट व्हयनं ते कसं वळखानं. मना सुनले वास येत नही."

उषा दुसऱ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. ती बसली.

"मी विचारलं, सुनेनं सांगितलं का तुला? म्हणाली, नही. दूध उतू जाईसन करपी गयं, घरभर वास, आनि ती पाठ करीसन बसेल व्हती. तवय माले समजनं. मी म्हटलं, मग तिला सांग की तुला माहीत आहे. तर म्हणाली, तिनं माले सांगं नही. सांगाले जड जात व्हई. मंग मी कसाले सांगू?"

जब्बारभाईंनी टोपी काढून पुन्हा घातली.

"आठ दिवस दुपारी येऊन भट्टीसमोर बसली. मी तिच्यासाठी मुद्दाम एक ट्रे कच्चा काढायचो, एक करपवायचो. डोळे मिटून सांगायची. बेटी, माझ्या मुलाला वीस वर्षं शिकवतोय, त्याला अजून जमत नाही. तिला आठ दिवसांत जमलं."

आठ दिवस. उषाला ते आठवले. त्या हिवाळ्यात अक्का सप्त्याला जाते म्हणून रोज दुपारी बाहेर पडत होत्या, गुडघे दुखत असताना. येताना त्यांच्या लुगड्याला लाकडाच्या धुराचा आणि भाजलेल्या तुपाचा वास येत असणार. जिला तो ओळखता आला असता, तिला तो येत नव्हता. मांजर आठवली. ते दोन दिवसांचं न बोलणं आठवलं. रोज रात्री अक्कांचं गॅसचा कॉक आपल्या हाताने बंद करून मगच आडवं होणं आठवलं. मनी सवय शे, म्हणायच्या. चार वर्षं आपण एकटीने हे ओढतोय असं तिला वाटत होतं. तिला लाज वाटायला हवी होती. ती लगेच वाटली नाही. मग आली, इतकी की जब्बारभाईंना चहा विचारायचंही राहून गेलं.

"तिला सांगू नको, मी सांगितलं म्हणून," जब्बारभाई दारात वळून म्हणाले.

"नाही," उषा म्हणाली.

तिने फोनवरही काही सांगितलं नाही. अक्का रोज विचारायच्या, "बठ्ठं ठीक शे ना?" ती म्हणायची, "ठीक शे." अक्का येईपर्यंत तिने एकही ऑर्डर घेतली नाही. ओव्हन नादुरुस्त आहे, असं सांगितलं.

रूपाचं प्लास्टर निघालं आणि जगदीश जाऊन अक्कांना घेऊन आला. दुपारी जेवण झालं. अक्का थोड्या आडव्या झाल्या. उषाने पीठ भिजवलं, बारा कागदी वाट्या मांडल्या, प्रत्येकीत एकेक नानकटाई ठेवली. ऑर्डर कोणाचीच नव्हती. मिक्सरच्या आवाजाने अक्का उठल्या, पाट ओढत उंबऱ्याशी आल्या आणि लसणाचं सूप पुढे घेऊन बसल्या. जसं काही महिना मध्ये गेलाच नव्हता.

उषाने ट्रे आत सरकवला आणि दार लावलं. टायमर ओट्यावर होता. तिने तो लावला नाही. ती अक्कांच्या शेजारी, ओव्हनकडे पाठ करून, खाली बसली आणि सुपातली एक लसणाची कुडी घेऊन सोलायला लागली.

अक्कांनी टायमरकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. दोघी सोलत राहिल्या. रूपाचा पाय, धुळ्याची थंडी, शेजारच्या इमारतीचा स्लॅब पडला का, असं थोडं बोलणं झालं. मध्येच अक्कांचा हात थांबायचा, मान जरा वर व्हायची, आणि पुन्हा सोलणं सुरू. उषा ते आज पहिल्यांदा बघत होती. चार वर्षं तिच्या पाठीमागे हे चाललं होतं.

"व्हई गयं," अक्का म्हणाल्या. "काढी ले."

उषाने ट्रे बाहेर काढला. काडी खुपसून पाहिली नाही. एक कपकेक कागदातून सोडवला, बशीत ठेवला आणि मधोमध फोडला. वाफ निघाली. ती बशी घेऊन पुन्हा पाटाजवळ येऊन बसली.

"अक्का," ती म्हणाली, "वास कसा शे?"

अक्कांच्या बोटांतली पाकळी सुपात पडली. आपल्याला कळलंय हे हिला कळलंय, हे त्यांना कळलं. त्यांनी कोणी सांगितलं ते विचारलं नाही. पदराने हात पुसले, बशी घेतली आणि डोळे मिटले.

"पहिले साखरना येस. ऊन साखरना. मंग लोणीना," त्या सावकाश म्हणाल्या. "मंग तळेतून जब्बारनी नानकटाईना, इलायची आनि तूप. आनि ते बाटलीमातलं तुनं काय ते…"

"व्हॅनिला."

"ते. तू लगीन व्हईसन उनी व्हती ना, तुनी पेटी आठेच उघाडी व्हती. नवी लुगडी, पावडर, आनि तुना बापनी दिधेल अत्तर. घरमा असाच वास उना व्हता. तीन दिवस गया नही."

उषाने एक घास तोंडात टाकला. गोड लागला. तळाशी नानकटाई मोडली, तिचा आवाज कानात आला. नाकात काहीच आलं नाही, येणारही नव्हतं. डोळ्यांतून पाणी मात्र यायला लागलं, वडिलांच्या वेळी आलं नव्हतं ते. तिने ते पुसलं नाही.

"मंग?" ती म्हणाली.

"मंग काय," अक्का म्हणाल्या आणि पुन्हा डोळे मिटले. ट्रेमधले अकरा कपकेक गार होईपर्यंत त्या सांगत राहिल्या.